डोंगर की खड्डे? बर्फाळ जगांची छायाचित्रं वाचण्याविषयी वाचकांचे प्रश्न

न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेलं. गॅलिलिओ यान १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरत होतं आणि त्याने युरोपा या बर्फाळ चंद्राची अनेक छायाचित्रं घेतली. दोन्ही मोहिमांची मूळ छायाचित्रं नासाच्या सार्वजनिक संग्रहातून कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. बरेच वाचक ती उतरवून घेतात, संगणकावर मोठी करून बघतात आणि त्यांत जे दिसतं त्याबद्दल विचारतात. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : प्लूटोच्या एका छायाचित्रात मला आधी विवरं दिसली. थोड्या वेळाने त्याच जागी गोल टेकड्या दिसायला लागल्या. खरं काय ते कसं ठरवायचं?

आपली नजर उजेड वरून येतो असं धरूनच चालते. छायाचित्रात सूर्य खालच्या बाजूला असेल तर खड्ड्याची सावली नजरेला अपेक्षित असते त्याच्या उलट बाजूला पडते आणि खड्डा फुगवट्यासारखा दिसतो. कितीही वेळ रोखून पाहिलं तरी याचा निकाल लागत नाही. आधी उजेडाची दिशा शोधावी लागते.

संपूर्ण गोल दिसत असेल तर दिवस-रात्रीची सीमारेषा शोधा. उजेड त्या रेषेकडे उजळलेल्या बाजूने, साधारण काटकोनात येतो. छायाचित्रात फक्त छोटा तुकडा असेल तर सोबतची लेबल फाइल उघडा. त्या क्षणी सूर्य ज्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर होता, त्याचे अक्षांश-रेखांश तिथे बहुतेक वेळा दिलेले असतात. तेही नसेल तर ज्याबद्दल शंकाच नाही असं एखादं विवर शोधा. मध्ये शिखर आणि भोवती उंच कडा असलेलं मोठं विवर यासाठी सर्वांत चांगलं. त्याच्या आतल्या उतारांपैकी जो उजळ आहे तो सूर्याकडे तोंड करून असतो, म्हणजे सूर्य त्याच्या समोरच्या बाजूला असतो.

दिशा कळली की उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल असं छायाचित्र फिरवा आणि मगच वाचायला घ्या. फिरवताना आरशातल्यासारखं उलटू नका. उलटलेलं छायाचित्र दिसायला ठीक दिसतं, पण नकाशाशी कधीच जुळत नाही.

बर्फाळ जगांवर आणखी एक सापळा असतो. उजळ दिसणारा प्रत्येक उतार सूर्याकडेच असेल असं नाही. प्लूटोच्या विषुववृत्ताजवळच्या काळसर प्रदेशात काही शिखरांवर मिथेनचं हिम साचलेलं आहे. दुसरीकडे काही विवरांच्या कडा मिथेनमुळेच पांढऱ्या दिसतात. असा पांढरेपणा उजेडाचा नसून पदार्थाचा असतो. ओळखायची खूण अशी की उजेडामुळे आलेली चमक सगळ्या उंचवट्यांवर एकाच बाजूला असते, तर हिमाची चमक ठराविक उंचीवर किंवा कड्याच्या सगळ्या बाजूंनी दिसते.

प्रश्न : छायाचित्र खूप मोठं केल्यावर एक चौकोनी ठिपका दिसला. एवढी लहान वस्तू खरोखर टिपली जाते का?

तो ठिपका बहुधा एक पिक्सेल आहे. न्यू होरायझन्सवरच्या ‘लॉरी’ या दूरदर्शी कॅमेऱ्याच्या आरशाचा व्यास २०.८ सेंटिमीटर आहे आणि त्याचं छायाचित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचं असतं. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे : यान जितकं दूर, त्यातल्या दर हजार किलोमीटरमागे एका पिक्सेलमध्ये सुमारे ५ मीटर जमीन मावते. ७७ हजार किलोमीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात एक पिक्सेल सुमारे ३८० मीटरचा होतो. यान पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ आलं ते सुमारे १२,५०० किलोमीटरवर. सर्वांत तपशीलवार पट्टा त्याच्या थोडं आधी घेतला गेला आणि त्यात पिक्सेल सुमारे ८० मीटरचा आहे.

एका पिक्सेलवरून काहीच म्हणू नये. तिथे वैश्विक किरणाचा एखादा कण कॅमेऱ्यावर आदळलेला असू शकतो किंवा कॅमेऱ्याचा तो एक बिंदूच सदोष असू शकतो. ‘इथे काहीतरी आहे’ असं म्हणायला वस्तू निदान तीन पिक्सेल रुंद हवी आणि शेजारच्या दुसऱ्या छायाचित्रातही ती त्याच जागी दिसायला हवी. विवर आहे की खळगा, कडा उंच आहे की नाही, हे ठरवायला आठ-दहा पिक्सेल तरी लागतात. म्हणजे ८० मीटरच्या पट्ट्यातही ७०० मीटरहून लहान खळग्याच्या आकाराबद्दल छातीठोकपणे बोलता येत नाही.

पिक्सेलचं माप गोलाच्या मधल्या भागाला लागू पडतं. काठाकडे जमीन तिरपी दिसते. तिथे पाहण्याचा कोन (जमिनीच्या लंबरेषेपासून मोजलेला) ६० अंशांचा असेल तर एका दिशेने तोच पिक्सेल दुप्पट जमीन व्यापतो. प्रसिद्ध झालेली काही छायाचित्रं मुळापेक्षा मोठ्या मापात छापलेली असतात. त्यांतले पिक्सेल मोजून काढलेलं अंतर चुकतं, म्हणून माप नेहमी मूळ फाइलमध्येच घ्या.

प्लूटोचा निम्मा भाग मात्र कुठल्याही हिशेबाने धूसरच राहतो. प्लूटोचा एक दिवस पृथ्वीवरच्या ६.४ दिवसांचा असतो आणि यान ताशी सुमारे ५० हजार किलोमीटर वेगाने सरळ पुढे निघून गेलं. त्यामुळे मागची बाजू तीन दिवस आधी, सुमारे ३८ लाख किलोमीटरवरूनच काय ती नीट दिसली. तिथे एक पिक्सेल जवळजवळ १९ किलोमीटरचा आहे.

प्रश्न : सावलीवरून डोंगराची उंची काढता येते असं वाचलं. घरी हे करता येईल का?

येईल, आणि करून बघण्यासारखी गोष्ट आहे. सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे : उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा, म्हणजे क्षितिजापासूनच्या कोनाचा, टॅन. समजा, एका पिक्सेलमध्ये ३२० मीटर मावतात आणि सावली २० पिक्सेल लांब आहे. लांबी झाली ६,४०० मीटर. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असेल तर टॅन ०.१७६, म्हणून उंची सुमारे १,१३० मीटर.

फाइलमध्ये अनेकदा उन्नतांशाऐवजी आपाती कोन दिलेला असतो. तो डोक्यावरच्या सरळ रेषेपासून मोजतात, त्यामुळे उन्नतांश काढायला तो ९० मधून वजा करावा लागतो. ही वजाबाकी राहून गेली की वरच्या उदाहरणात डोंगर ३६ किलोमीटर उंच निघतो. असं अचाट उत्तर आलं तर चूक लगेच लक्षात येते. पण सूर्य ४० अंशांवर असताना हीच चूक झाली तर उत्तर पटण्यासारखं येतं आणि तसंच खपून जातं.

आता अचूकतेबद्दल. १० ऐवजी ११ अंश धरले तर उंची १,२४० मीटर येते, म्हणजे एका अंशाने जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडला. सूर्य ३० अंशांवर असेल तर एका अंशाचा फरक चार टक्क्यांवर येतो, पण मग त्याच डोंगराची सावली जेमतेम सहा पिक्सेल उरते आणि मोजताना एक पिक्सेल इकडे-तिकडे झाला तरी सोळा टक्के चूक होते. सूर्य १० ते २० अंशांवर असलेली छायाचित्रं या कामाला सर्वांत सोयीची.

सावली सपाट जमिनीवरच पडली पाहिजे. ती चढावर पडली तर आखूड होते आणि डोंगर बुटका निघतो. उतारावर पडली तर उलट. डोंगराचं टोक गोलसर असेल तर सावली खऱ्या शिखराची नसून उजेडाच्या रेषेत येणाऱ्या खांद्याची असू शकते. छायाचित्र तिरपं असेल तर आधी ते नकाशाच्या प्रक्षेपात बसवा आणि मग मोजा. अमेरिकन भूसर्वेक्षण संस्थेची ‘आयसिस’ ही मोफत संगणकप्रणाली हे काम करते. ती शिकायला वेळ लागतो, पण दुसऱ्या कुठल्याही सोप्या वाटेपेक्षा तिच्यावर घालवलेला वेळ सत्कारणी लागतो.

एक गोष्ट मात्र प्लूटोवर सोपी होते. तिथून सूर्य जेमतेम एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा दिसतो. त्यामुळे सावलीची कड धूसर होत नाही. वरच्या उदाहरणात तिचा धूसर पट्टा दहा-अकरा मीटरचा असेल, म्हणजे पिक्सेलच्या तीस भागांतला एक. सावलीच्या आतला भाग मात्र पूर्ण काळा नसतो, कारण हवेतलं धुकं विखुरलेला उजेड आत सोडतं. याच उजेडात सीमारेषेपलीकडचा, रात्रीत शिरलेला थोडा प्रदेशही न्यू होरायझन्सला दिसला. म्हणून ‘काळं म्हणजे सावली’ ही कसोटी तिथे चालत नाही. सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडल्या आहेत का ते पाहा. ज्या काळ्या डागाला ती दिशा लागू होत नाही, तो डाग पदार्थाचा असतो.

प्लूटोवरच्या तेनझिंग पर्वतरांगेची शिखरं सुमारे सहा किलोमीटरपर्यंत आणि हिलरी रांगेची सुमारे साडेतीन किलोमीटरपर्यंत उंच आहेत. ही मापं दोन वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोडीवरून काढली आहेत. तुमची सावलीची पद्धत बरोबर चालते का हे तपासायला या दोन रांगा उपयोगी पडतात.

प्रश्न : एका छायाचित्रात प्लूटो फिकट तपकिरी आहे, दुसऱ्यात निळा-तांबडा. खरा रंग कोणता?

फिकट तपकिरी रंग खऱ्याच्या जवळचा आहे. ‘लॉरी’ला रंग दिसतच नाहीत. रंग ‘राल्फ’ या उपकरणातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यातून येतात. त्यात निळा, लाल, जवळचा अवरक्त आणि मिथेन शोषून घेतो तो अरुंद अवरक्त पट्टा, असे चार फिल्टर आहेत. हिरवा फिल्टर नाहीच. गडद रंगांच्या छायाचित्रात निळा फिल्टर निळ्याच्या जागी, लाल फिल्टर हिरव्याच्या जागी आणि अवरक्त फिल्टर लालच्या जागी बसवलेला असतो आणि फरक ठळक करण्यासाठी तो आणखी ताणलेला असतो. त्यामुळे तिथला निळा भाग म्हणजे पाणी नव्हे. तो भाग शेजारच्या भागापेक्षा अवरक्त प्रकाश कमी परावर्तित करतो, इतकंच त्यातून कळतं. तांबूस-तपकिरी प्रदेशांचं कारण थोलिन हे पदार्थ मानलं जातं. सूर्याच्या अतिनील किरणांनी मिथेन आणि नायट्रोजन यांची मोडतोड होऊन ही गुंतागुंतीची कार्बनी संयुगं तयार होतात.

रंगीत छायाचित्राचा पिक्सेल ‘लॉरी’च्या पिक्सेलच्या चौपट रुंद असतो. बारीक तपशील आणि रंग एकत्र दिसत असतील तर दोन कॅमेऱ्यांची छायाचित्रं एकावर एक बसवलेली आहेत असं समजा. अशा वेळी बारीक भेगेच्या आतला रंग त्या भेगेचाच असेल, याची खात्री नसते.

प्रश्न : प्लूटोवर नायट्रोजनचं बर्फ आहे हे नुसतं बघून कसं कळलं?

नुसतं बघून कळलेलं नाही. ‘राल्फ’मध्ये १.२५ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त वर्णपट मोजणारा भाग आहे. नायट्रोजनचं बर्फ २.१५ मायक्रॉनजवळ प्रकाश शोषतं, कार्बन मोनॉक्साइड १.५८ जवळ, पाण्याचं बर्फ १.५ आणि २ मायक्रॉनजवळ रुंद पट्ट्यांत, तर मिथेनचे पट्टे बऱ्याच ठिकाणी येतात. या मोजणीचा पिक्सेल ‘लॉरी’च्या पिक्सेलच्या सुमारे बारापट रुंद आहे. म्हणून ३०० मीटरच्या एखाद्या खडकाकडे बोट दाखवून ‘हा पाण्याच्या बर्फाचा’ असं कुणी म्हटलं, तर ते विधान आजूबाजूच्या कित्येक किलोमीटरच्या मोजणीवरून काढलेलं अनुमान असतं.

अनुमानाला भौतिकशास्त्राचा आधार असतोच. प्लूटोवर तापमान उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. या थंडीत पाण्याचं बर्फ खडकासारखं कठीण असतं, तर नायट्रोजनचं बर्फ मऊ असतं आणि सावकाश वाहतं. सहा किलोमीटरचा डोंगर नायट्रोजनचा असता तर स्वतःच्याच भाराने पसरला असता. म्हणून डोंगर पाण्याच्या बर्फाचे असले पाहिजेत.

प्रश्न : प्लूटोवरच्या नायट्रोजन-बर्फाच्या स्पुटनिक मैदानावर मला गोगलगायीसारखं काहीतरी दिसलं. आणि त्या मैदानावर विवरं का नाहीत?

‘गोगलगाय’ बऱ्याच जणांना दिसली. तो मळकट पाण्याच्या बर्फाचा एक तुकडा असावा. पाण्याचं बर्फ नायट्रोजनच्या बर्फापेक्षा हलकं असल्याने असे तुकडे त्यात तरंगतात. कुठल्याही ओळखीच्या आकाराबाबत त्याच जागेचं वेगळ्या अंतरावरून घेतलेलं छायाचित्र शेजारी ठेवा. आकार तिथेही टिकला तरच त्याचा विचार करावा.

मैदान बहुकोनी तुकड्यांत विभागलेलं आहे आणि एकेक तुकडा साधारण १० ते ४० किलोमीटर रुंद आहे. खालून येणाऱ्या उष्णतेने नायट्रोजनचं बर्फ तुकड्याच्या मधून वर येतं आणि कडांशी खाली जातं, मंद आचेवरच्या घट्ट खिरीसारखं, फक्त वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथपणे. पृष्ठभाग असा सतत नवा होत असल्याने त्यावर पडलेल्या विवराचा माग उरत नाही. संपूर्ण मैदानावर एकही निश्चित विवर सापडलं नाही, म्हणून त्याचं वय एक कोटी वर्षांहून कमी धरतात. त्याच गोलावरचे काही काळसर, विवरांनी भरलेले प्रदेश चार अब्ज वर्षांच्या आसपासचे असावेत.

मैदानाच्या काही भागांत हजारो लहान खळगे आहेत आणि वाचक बहुधा त्यांनाच विवरं समजतात. बर्फाची थेट वाफ होऊन झालेल्या खळग्याला उंच कडा नसते, भोवती उडालेला मालही नसतो. असे खळगे लांबट असतात, रांगेत येतात आणि एकमेकांना खेटून असतात. आघाताने झालेलं विवर गोल असतं आणि कुठेही, कशाही क्रमाने पडलेलं असतं. युरोपावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथली एक किलोमीटरहून लहान विवरं बहुतांशी दुय्यम आहेत, म्हणजे मोठ्या आघातात उडालेले तुकडे परत पडून झालेली. ती सगळी मोजून वय काढलं तर पृष्ठभाग आहे त्याहून कितीतरी जुना ठरतो.

प्रश्न : छायाचित्र धारदार केल्यावर डोंगराभोवती पांढरी कड आणि जमिनीवर चौकोनी जाळी दिसली. हे काय असावं?

दोन्ही तुमच्या संगणकावर तयार झालं आहे. धारदारपणा वाढवला की गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर खोटी कड उमटते. जाळी जेपीईजी स्वरूपाची आहे : ते छायाचित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून दाबतं. उपाय एकच, मूळ फिट्स फाइल घ्या. तिच्यात ‘लॉरी’च्या प्रत्येक पिक्सेलला ० ते ४०९५ यांपैकी एक मूल्य असतं, तर जेपीईजीत जेमतेम २५६ पायऱ्या उरतात. फाइल उघडल्यावर सगळं काळं दिसेल. घाबरू नका, काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा हाताने सरकवा आणि आधी अंधारा भाग, मग उजळ भाग असं दोनदा वेगवेगळं बघा.

‘लॉरी’च्या कच्च्या छायाचित्रात उजळ वस्तूच्या वर-खाली उभे पट्टे दिसतात. या कॅमेऱ्याला झडप नाही, त्यामुळे छायाचित्र वाचून घेताना उजेड पडतच राहतो आणि हे पट्टे उमटतात. सुधारित फाइलमध्ये ते काढून टाकलेले असतात. व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये घेतलेल्या ट्रायटन या नेपच्यूनच्या चंद्राच्या छायाचित्रांत ठराविक अंतरावर काळे ठिपके दिसतात. त्या जुन्या कॅमेऱ्यातली चित्राची वेडीवाकडी ओढ मोजण्यासाठी ते मुद्दाम काचेवर उमटवलेले होते. गॅलिलिओच्या छायाचित्रांतले विखुरलेले पांढरे ठिपके आणि लहान रेघा बहुधा गुरूच्या किरणोत्साराच्या असतात.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने छायाचित्र स्पष्ट करून घेतलं तर?

करू नका. ती प्रणाली दुसऱ्या छायाचित्रांवरून शिकलेले तपशील इथे भरते. ते डोळ्याला सुंदर वाटतात आणि प्लूटोवर नसतात.

प्रश्न : युरोपावरच्या रेषांपैकी आधीची कुठली आणि नंतरची कुठली?

दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बघा. जी अखंड पुढे जाते ती नंतरची. जी तुटते किंवा सरकलेली दिसते ती आधीची. एकाच छेदावर थांबू नका. त्याच जोडीचे दोन-तीन छेद तपासा, कारण जुनी भेग पुन्हा उघडलेली असू शकते आणि मग एका ठिकाणचा क्रम दुसऱ्या ठिकाणी उलटा दिसतो. रंगाचीही मदत होते : ताज्या रेषा तांबूस आणि गडद असतात, जुन्या हळूहळू फिक्या पडून भोवतालच्या बर्फात मिसळतात. रंगाला मात्र दुय्यम पुरावा समजा.

इथेही सूर्याची उंची महत्त्वाची. सूर्य डोक्यावर असताना घेतलेल्या छायाचित्रात रंगांचे पट्टे उठून दिसतात आणि कंगोरे जवळजवळ नाहीसे होतात. सूर्य कलल्यावर त्याच जागी दुहेरी कंगोऱ्यांची दाट जाळी उभी राहते. कोनामारा या विस्कटलेल्या प्रदेशाची छायाचित्रं कललेल्या उजेडातली आहेत म्हणूनच तिथले बर्फाचे तुकडे एकमेकांपासून कसे सरकले आणि फिरले ते जुळवून बघता येतं. छापील प्रती कापून तुकडे हाताने जुळवले तरी चालतं, बऱ्याच ठिकाणी जुने कंगोरे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग जाताना दिसतात.

गॅलिलिओचा मुख्य अँटेना १९९१ मध्ये उघडलाच नाही आणि सगळी माहिती छोट्या अँटेनातून अतिशय सावकाश पाठवावी लागली. त्यामुळे युरोपाचा फार थोडा भाग बारकाईने दिसला, आणि सर्वांत तपशीलवार छायाचित्रातला पिक्सेल सुमारे सहा मीटरचा आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेलं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचं आहे. त्याचा दूरदर्शी कॅमेरा ५० किलोमीटर उंचीवरून अर्ध्या मीटरचा पिक्सेल देऊ शकतो. तोपर्यंत कोनामाराची जुनी छायाचित्रं नजरेखालून घालून ठेवा, म्हणजे नवी आल्यावर कुठला कंगोरा कुठे शोधायचा ते माहीत असेल.